अंदाज आणि माप : आजीच्या बदल्यांच्या गावी पाच दिवस

आजीचं सेवापुस्तक हाच या प्रवासाचा नकाशा. जन्म १९३८. शिक्षिकेचं ट्रेनिंग अंबाजोगाईला, पहिली नेमणूक १९५८ साली गंगाखेडजवळ गोदाकाठी. १९६४ला बदली होऊन तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात, औशाच्या बाजूला. १९८२ला लातूर जिल्हा वेगळा झाला, तेव्हा जागची न हलता ती लातूरची झाली. शेवटची शाळा किल्लारीच्या पट्ट्यात. तिथूनच १९९६ला निवृत्त. घरात ती आजी, गावात बाई.

कुणाला ही वाट करायची असेल तर येळवसेच्या, म्हणजे मार्गशीर्षातल्या वेळा अमावास्येच्या, तीन दिवस आधी लातूरहून निघावं. चौथा दिवस येळवसेचा पडतो. थंडी असते, रानात तूर आणि हरभरा उभा असतो, गोदावरीला पाणी असतं. सोबत एक वही ठेवावी आणि पानाच्या मधोमध उभी रेघ मारावी. डावीकडे ‘अंदाज’, उजवीकडे ‘माप’. आजीच्या वर्गात प्रत्येक लेकराची पाटी अशीच आखलेली असायची. आधी डोळ्यानं सांगायचं, लिहायचं, मग मोजायचं. अंदाज चुकला म्हणून छडी नव्हती. अंदाज न लिहिताच मोजायला घेतलं तर मात्र पाटी पुसून परत.

पहिला दिवस : लातूर ते अंबाजोगाई

साठेक किलोमीटर. एसटीचा अंदाज सव्वा तास, माप एक तास पन्नास मिनिटं. सकाळची पहिली-दुसरी गाडी धरली तर दिवस हाती लागतो.

निजामाच्या काळात या गावाचं नाव मोमिनाबाद. शाळेची भाषा उर्दू, घरची मराठी. हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेनंतर स्वामी रामानंद तीर्थ इथल्या योगेश्वरी शाळेत होते, त्यामुळे शिक्षण आणि मुक्तिलढा ही दोन्ही नावं या गावात जोडीनंच निघतात. १७ सप्टेंबर १९४८ला संस्थान भारतात आलं तेव्हा आजी दहा वर्षांची होती. ‘अलिफ बे’ आधी आणि ‘ग म भ न’ नंतर, असं शिकलेल्या पिढीतली ती. म्हातारपणीही बाजाराच्या यादीवरचे आकडे ती पटकन उर्दूत टाकायची.

योगेश्वरीचं देऊळ गावात आहे. मुकुंदराजांची समाधी गावाबाहेर, डोंगराच्या कुशीत. उन्हं उतरायच्या आत जाऊन यावं. ‘विवेकसिंधू’ शके १११०चा, म्हणजे इ. स. ११८८चा, आणि मराठीतला आद्य ग्रंथ मानला जातो. पण या वाटेवर आलेल्याला जास्त कामाची गोष्ट संतकवी दासोपंतांची पासोडी. सुमारे चाळीस फूट लांब आणि चार फूट रुंद कापडावर वेदान्तावरचं ‘पंचीकरण’ लिहिलेलं आहे. ती कायम उघडी नसते, आधी विचारून ठेवावं लागतं. नुसतं जाऊन उभं राहिलं तर समाधीचं दर्शन तेवढं होतं.

आजीच्या शाळेतले तक्ते कापडाचे असायचे, त्याचं मूळ याच गावात. फळा नाही, असला तर भिंतीला गेरूचा पट्टा, आणि कागदाचा तक्ता पावसाळ्यात एक महिनाही टिकत नाही. तिची कृती अशी. जुनं धोतर घ्यायचं, नवं नको. नव्याला कांजी असते, ती आधी दोनदा उकळून काढावी लागते. एक वाटी ज्वारीचं पीठ गार पाण्यात कालवून आठ वाट्या उकळत्या पाण्यात सोडायचं आणि हलवत राहायचं. चकाकी आली की खळ झाली. त्यात हरभऱ्याच्या डाळीएवढा मोरचुदाचा खडा विरघळवायचा. मोरचूद विषारी, म्हणून हे भांडं वेगळं आणि लेकरांच्या हाताला न लागेल असं. मोरचूद घातलं नाही तर झुरळं आणि उंदीर खळीसाठी तक्ता खातात, आणि कडेची अक्षरं आधी जातात.

कापड खळीत बुडवून पिळायचं नाही, निथळायचं. सावलीत ताणून वाळवायचं. उन्हात वाळवलं तर आकसतं आणि रेघा वाकड्या येतात. खळ पातळ झाली तर शाई धाग्याधाग्यानं पसरते, ‘ब’चा ‘व’ होतो. घट्ट झाली तर घडीवर तडा जातो. म्हणून घडी घालायचीच नाही, तुराटीवर गुंडाळायचं. शाई काजळ आणि बाभळीच्या डिंकाची. डिंक रात्रभर भिजवून गाळून घेतलेला. पहिल्या तक्त्यावर मुळाक्षरं नसायची. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि शेवटी औटकी, म्हणजे साडेतीनाचा पाढा. अक्षरं आठवड्यात येतात, पाढे वर्षभर समोर लागतात, असा तिचा हिशेब. असला एक तक्ता अजून घरात आहे. औटकीच्या ओळीत सात औटे साडेचोवीसच्या जागी पंचवीस लिहून मग खोडलेलं स्वच्छ दिसतं.

दुसरा दिवस : परळीमार्गे गंगाखेड

अंबाजोगाई ते परळी पंचवीसेक किलोमीटर. वैजनाथाचं दर्शन सकाळी लवकर उरकावं. सोमवार पडला तर रांगेचा अंदाज बांधूच नये. परळीहून गंगाखेडला रेल्वे आहे, परभणीच्या वाटेवरच. गाडीची वेळ जुळत नसेल तर एसटी बरी, गाडीसाठी तीन तास फलाटावर काढण्यात अर्थ नाही.

गंगाखेड जनाबाईंचं जन्मगाव. आईचं नाव करुंड, बापाचं दमा. पुढे आयुष्य पंढरपुरात नामदेवांच्या घरी गेलं. त्यांचं म्हणून दाखवतात ते जातं पंढरपूरजवळ गोपाळपूरला आहे, इथे शोधत बसू नये. इथे मंदिर आहे आणि नदी आहे. गोदावरीला इथे कुणी गोदावरी म्हणत नाही, गंगाच म्हणतात.

पहिल्या नेमणुकीत आजीला राहायला मिळाली ती एका वाड्यातली ढाळज. पहाटे त्या घरातल्या बायकांबरोबर ती दळायला बसायची. पोरी शाळेत का येत नाहीत ते तिला तिथेच कळलं. पायलीभर ज्वारी दळल्याशिवाय घरातून सुटका नाही, आणि जात्याला टाकी लावलेली, म्हणजे छिन्नीनं टाके घातलेले, नसले तर त्याच पायलीला दुप्पट वेळ. तिनं पालकसभा घेतली नाही. तालुक्याच्या बाजारातून टाकीवाला बोलावला.

जात्याचं असं असतं. खालचं पेड बसलेलं, वरचं फिरतं, मधे मेख, कडेला खुंटा, वरच्या तोंडातून वैरण, म्हणजे दाण्यांचा घास. दोन्ही पेडांच्या आतल्या अंगाला छिन्नीचे टाके असतात. ते झिजून गुळगुळीत झाले की दाणा कापला जात नाही, नुसता रगडला जातो. पीठ जाड पडतं आणि गरम होतं. गरम झालेल्या पिठाची विरी, म्हणजे चिकटपणा, जाते. मग भाकर थापताना कडेनं फाटते आणि बोलणी सुनेला बसतात. टाके घातल्यावर पहिलं दळण खायचं नाही. दगडाची कच येते. दोन मुठी कोंडा किंवा किडकी ज्वारी दळून टाकून द्यायची, पेड झाडून घ्यायचं, मग घरचं दाणं. वैरण एका वेळी अर्धी मूठ. घाई करून ओंजळ घातली तर वरचं पेड उचललं जातं आणि भरडा पडतो.

टाकी लावल्यावर दळणाला लागणारा वेळ कमी झाला आणि पोरी अकरापर्यंत शाळेत पोचू लागल्या. शाळा दहाची होती. आजीनं मुलींची हजेरी अकराला घेतली. तपासणीला आलेल्या साहेबानं त्यावर शेरा मारला. सेवापुस्तकात तो आहे.

हिशेब शिकवायला तिच्याकडे हाली आणि कलदार होते. हाली हा निजामाचा रुपया, कलदार इंग्रजांचा. सात हाली म्हणजे सहा कलदार. १९५७ला नवे पैसे आले तरी म्हाताऱ्यांच्या तोंडी हालीच होती, सावकाराच्या वहीतही. पोरांना गणित असं : आज्याचं कर्ज बेचाळीस हाली, फेडायचे कलदारात, किती? छत्तीस. बेचाळीसच कलदार मोजून दिले तर सहा रुपये पाण्यात. हे गणित पोरं घरी जाऊन आज्याला घालायची, आणि मग आजे शाळेत यायचे.

मुक्काम गंगाखेडलाच करावा. जेवणाची साधी सोय स्टँडजवळ होते.

तिसरा दिवस : गोदाकाठ आणि परत लातूर

सकाळी ते गाव. नदीकाठानं रस्ता काळ्या रानातला. रात्री पाऊस झाला असेल तर दुचाकी नेऊ नये, चिखल चाकात आणि मडगार्डात बसतो आणि गाडी जागची हलत नाही. शाळा आता स्लॅबची. जुन्या शाळेची फक्त ओटी उरली आहे, लांबी अंदाजे वीस फूट, मापानं सतरा. दुपारी परत फिरावं, मुक्काम लातूर. येळवसेची आदली संध्याकाळ असते. बाजारात बोरं, ओला हरभरा, गाजरं आणि बिंदगी, म्हणजे मातीची मडकी, यांचे ढीग लागलेले असतात. जे घ्यायचं ते आजच घ्यावं.

चौथा दिवस : औशाजवळचं गाव, येळवस

लातूर-धाराशिव जिल्ह्यांत या दिवशी स्थानिक सुट्टी असते. शहर ओस पडतं, हॉटेलं बंद, रिक्षा नाही. बाहेरचे लोक नेमके इथेच फसतात. औसा वीस किलोमीटर. सकाळी आठच्या आत निघालं तरच गाडी मिळते, पुढे रानापर्यंत चालत किंवा कुणाच्या तरी ट्रॅक्टरवर. उपाशी कुणी राहत नाही, हेही खरं. वाटेवरच्या कुठल्याही कोपीतून हाक येतेच, आणि नाही म्हणायचं नसतं.

कडब्याच्या पेंढ्यांची कोप करतात, आत चुन्यानं रंगवलेले पाच दगड, ते पांडव. पूजा झाली की ‘ओलगे ओलगे सालम पोलगे’ म्हणत रानाला फेरा आणि आंबील शिंपडायची. शब्द कानडी वळणाचे आहेत. अर्थ विचारला तर तीन कोपींत तीन अर्थ मिळतात.

आंबील घरीच करून बिंदग्यात भरून, वर घोंगडं झाकून डोक्यावरून रानात नेतात. आदल्या संध्याकाळी एक वाटी ज्वारीचं पीठ दोन वाट्या ताकात कालवून झाकून ठेवायचं. सकाळी चार वाट्या पाणी उकळून त्यात हे कालवण धारेनं सोडायचं, हात थांबवायचा नाही. कोरडं पीठ उकळत्या पाण्यात टाकलं तर बाहेरून शिजतं, आत कोरडं राहतं, त्याच गुठळ्या. गार झाल्यावर लसूण, जिरं, मीठ आणि आणखी ताक. गरम असताना ताक घातलं की फुटतं. मातीच्या भांड्यात गार राहते. स्टीलच्या डब्यात दुपारपर्यंत आंबट होऊन जाते.

भज्जीत तुरीचे, हरभऱ्याचे, वाटाण्याचे ओले दाणे, मेथी, चुका, कांद्याची पात, गाजर, वांगी, चिंचेचा कोळ आणि दाटपणाला बेसन. चूक एकच आणि दरवर्षी कुणी ना कुणी करतं : चुका आणि चिंच आधी घालतात. आंबट पडलं की दाणे शिजत नाहीत, तासभर जाळ घातला तरी टचटचीत. दाणे बोटानं दबले की मगच आंबट. सोबत बाजरीचे उंडे आणि गव्हाची खीर.

जेवणं झाली की लोक कलंडतात. आजी पोरांना बांधावर न्यायची. तिच्याजवळ तेहतीस फुटांची साखळी असायची, सोळा आण्यांची, म्हणजे सोळा सारख्या भागांची. तेहतीस बाय तेहतीस म्हणजे गुंठा, १०८९ चौरस फूट. चाळीस गुंठ्यांचा एकर. पोरांनी आधी पावलं टाकून अंदाज लिहायचा, मग साखळी. अडचण अशी की साखळी उन्हाळ्यात आणि जुनी झाल्यावर कड्यांतून लांबते, आणि लांबलेल्या साखळीनं मोजलं की रान कमी भरतं. म्हणून दरवर्षी आधी ती शाळेच्या ओट्यावर खुणा करून ठेवलेल्या तेहतीस फुटांशी ताडून बघायची. वाटणीच्या भांडणात दोन्ही भाऊ तलाठ्याच्या आधी बाईंकडे यायचे, ते या ओट्यावरच्या खुणांमुळे.

याच गावात तिनं १९७२ काढला. दुष्काळी कामांवर अख्खं गाव खडी फोडत होतं. खायला अमेरिकेची लाल मिलो ज्वारी आणि शाळेत सुकडी. मिलोच्या पिठाला विरी नव्हती, गार पाण्यात भाकर होत नसे; आधणाच्या पाण्यात उकड काढून मळलं तर कशीबशी तव्यावर जायची. पोरं आयांबरोबर खडीवर, म्हणून आजीनं पाट्या खडीवर नेल्या. मजुरी ब्रासवर होती. ब्रास म्हणजे शंभर घनफूट : दहा फूट लांब, दहा फूट रुंद, एक फूट उंच. पण ढीग असतो डोंगरासारखा, पायाला रुंद आणि वर निमुळता, आणि मोजणारा उंची कडेला लावायचा. तिनं बायांना ढीग मोडून चौकोनी रचायला लावला, चारी कोपऱ्यांना तुराटी, दोरी एक फुटावर. मग कुणीही मोजा, आकडा एकच. चौथीतल्या पोरी आयांच्या वतीनं आकडा सांगायच्या. मुकादम तिच्याशी नंतर वर्षभर बोलला नाही. ती त्याच्या पोराला शिकवत होती, त्याच्यात काही फरक पडला नाही.

पाचवा दिवस : किल्लारी

लातूरहून औसा, लामजना, मग किल्लारी, चाळीसेक किलोमीटर. आजीची शाळा किल्लारीच्या अलीकडच्या एका गावात होती. दोन किल्लाऱ्या आहेत, जुनी आणि नवी. रिक्षावाल्याला कोणती ते सांगावं, नाहीतर तो नव्या वसाहतीत सोडतो.

३० सप्टेंबर १९९३, पहाटे चारला काही मिनिटं कमी असताना भूकंप. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, विसर्जन करून लोक उशिरा निजलेले. सुमारे दहा हजार माणसं गेली. धक्का ६.२च्या आसपास होता. जगात एवढ्या धक्क्यानं सगळीकडे एवढी माणसं मरत नाहीत. मारलं ते माळवदांनी, म्हणजे मातीच्या धाब्याच्या घरांनी.

जुन्या गावठाणात अजून एखादी भिंत उभी आहे, तिच्याजवळ जाऊन बघावं, टेकू नये. दोन-अडीच फुटी जाड भिंत. बाहेरून घडीव दगड, आतून दगड, आणि दोन्हींच्या मधे माती-खडी भरलेली. आतल्या आणि बाहेरच्या थराला बांधून ठेवणारा, भिंतीच्या आरपार जाणारा लांब दगड कुठेच नाही. हलली की भिंत मधोमध उभी फाटते, एक थर आत पडतो, एक बाहेर. वर लाकडी खणांवर पांढऱ्या मातीचं धाबं. दर पावसाळ्याला गळतं, म्हणून दर उन्हाळ्याला वर पाटी-दोन पाटी माती. पन्नास वर्षांत त्याचा थर दीड-दोन फुटांवर जातो, आणि ते सगळं वजन झोपलेल्या माणसांवर. ज्यांना माळवद परवडलं नव्हतं, ज्यांची घरं कुडाची किंवा पत्र्याची होती, ते पुष्कळ वाचले. आजी पत्र्याच्या खोलीत भाड्यानं होती.

बावन्न गावं नव्या जागी हलवली. शाळा आधी पत्र्याच्या शेडमध्ये भरली. लेकरं छपराखाली बसेनात. बसली तरी एसटी गेली की उठून पळायची. आजीनं पुस्तक उघडलं नाही. पाटीवर तीच रेघ : अंदाज, माप. जागेपासून दारापर्यंत किती पावलं? आधी सांगा. मग डोळे उघडे ठेवून मोजा. मग डोळे मिटून. मग घरच्या शेडमध्ये, निजायच्या जागेपासून, अंधारात. आकडा रोज पाटीवर लिहून आणायचा. सुरुवातीला अंदाज फार मोठे यायचे, सहा पावलांच्या जागी वीस, पंचवीस. ते हळूहळू सहावर आले, तेव्हा तिनं कविता सुरू केली.

शाळेत दाखल-खारीज रजिस्टर बघायचं असेल तर मुख्याध्यापकांची परवानगी घ्यावी, फोटो काढू नये. त्यात शाळा सोडल्याच्या कारणाचा रकाना असतो. एरवी तिथे ‘परगावी’, ‘इयत्ता उत्तीर्ण’ असं असतं. त्या सालच्या पानांवर ‘मयत’ आणि तारीख, एकाखाली एक. ‘वरीलप्रमाणे’ची दोन टिंबं तिनं एकदाही टाकलेली नाहीत. प्रत्येक नावापुढे पूर्ण शब्द, पूर्ण तारीख.

जडसंग्रह वहीत, म्हणजे शाळेच्या सामानाच्या नोंदवहीत, १९९६ची चार्ज यादी तिच्याच अक्षरात आहे. घंटा १, लोखंडी. साखळी ३३ फुटी १, दोन कड्या बदललेल्या. कापडी तक्ते ९. पायली १, शेर १, मापटं १, चिपटं १, कोळवं १, निळवं १. दोन निळव्यांचं कोळवं, दोन कोळव्यांचं चिपटं, दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. म्हणजे पायलीत चौसष्ट निळवी. अपूर्णांक ती याच डब्यांनी शिकवायची, ज्वारी ओतून. १९९५ला पोषण आहाराचे महिन्याला तीन किलो तांदूळ घरी द्यायचे ठरले, तेव्हा काटा यायच्या आधी वाटपही यांनीच झालं. शेराला शीग लावायची नाही, पट्टीनं सपाट करायचं, आणि पहिला शेर सगळ्यांसमोर तालुक्याहून तोलून आणलेल्या पिशवीशी ताडायचा, कारण ज्वारीच्या शेरात तांदळाचं वजन वेगळं भरतं.

कपाटात आता पायली नाही, मापटं आहे. खिचडीचे तांदूळ काट्यावर तोलतात, पण पोत्यातून काढायला तेच वापरात आहे. काठ एका बाजूला चेपला आहे.

परतीची गाडी किल्लारी पाटीवरून मिळते. लातूर : अंदाज एक तास. माप एक तास पस्तीस मिनिटं, औशाला वीस मिनिटं थांबून.